पहिला खण देवाचा

गंगाधर मास्तरांच्या डोळ्यांतला उजेड एकदम गेला नाही. उन्हाळ्यात तळं जसं काठाकाठाने आटत येतं आणि मधे ओंजळभर पाणी उरतं, तसा तो कडेकडेने गेला. आधी ताटाची डावी बाजू गेली. यशोदेने वाढलेली शेंगांची चटणी तशीच राहायची आणि मास्तर म्हणायचे, आज चटणी नाही वाटतं. पहिल्या दिवशी तिला थट्टा वाटली. चौथ्या दिवशी तिने काही न बोलता चटणी भाकरीशेजारी सरकवून ठेवली. नवऱ्याचे डोळे चालले आहेत हे त्याच्याआधी तिला कळलं, आणि त्याला सांगायचं कसं हे मात्र शेवटपर्यंत कळलं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर बोट ठेवून बुबुळ दाबून पाहिलं. मोतीबिंदू असता तर काढला असता, म्हणाले. हा काचबिंदू. गेलेलं परत यायचं नाही, आणि उरलेलं राहील असंही नाही. मास्तरांनी नमस्कार केला, उपरणं झटकून खांद्यावर टाकलं आणि दाराऐवजी दाराशेजारच्या भिंतीकडे चालू लागले. यशोदेने पुढे होऊन दार उघडलं, जणू बायकोने दार उघडायचं ही त्यांच्या घराची रीतच होती.

मास्तरांना अंधाराची भीती नव्हती. भूगोलाचा तास जाईल याची होती. पेठेतल्या त्या शाळेत गणित कुणीही शिकवावं, भूगोल गंगाधर मास्तरांनी. सिद्धेश्वराच्या तळ्याहून मोठं पाणी न पाहिलेली पोरं त्यांच्यासमोर बसत. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. आइसलँडातला उकळता फवारा सांगायचा तर मास्तर आधी विचारत, तुझ्या घरी पाण्याला काय म्हणतात रे? नीळ्ळु. तुझ्या? नीरु. तुझ्या? पानी. मग म्हणत, ते सगळं एका चुलीवर ठेवा, आणि चूल जमिनीच्या पोटात ठेवा. पोरं खाली फरशीकडे बघायची. एखादं हळूच पाय वर घ्यायचं.

दोन वर्षं त्यांनी हा तास आठवणीवर चालवला. नकाशा हातांना पाठ होता: खिळ्यापासून चार बोटं खाली इटली, तिथून वीतभर वर बर्फाचा मुलूख. आवाजावरून पोरगं ओळखायचे. पोरांना एवढंच वाटायचं की मास्तर हल्ली कडक झालेत, कुणाच्या तोंडाकडे बघतच नाहीत.

आणि संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली, त्याच आठवड्यात हेडमास्तरांनी सांगितलं की डेप्युटीसाहेब तपासणीला येणार, आणि त्यांनी मुद्दाम कळवलंय, तुमच्या मास्तरांचा जादूचा कंदील पाहायचा आहे.

जादूचा कंदील म्हणजे पत्र्याची एक पेटी. आत कार्बाइडची बत्ती, पुढे भिंग. भिंगामागे दोन काचा मावणाऱ्या लाकडी चौकटीत रंगवलेली काच सरकवली, की भिंतीवरच्या धोतरावर ते चित्र हत्तीएवढं होऊन उभं राही. काच बदलली की चौकट खट् वाजायची. काचा आठ होत्या. पेटीला खण नऊ. नववी काच कधीच फुटली होती, म्हणून शेवटचा खण रिकामा. काचांवर जगातली नवलं होती: आग ओकणारा डोंगर, बर्फाची नदी, उकळते फवारे, आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे सहाकोनी दगडी खांब, अमेरिकेतली मैलभर खोल दरी, माणूस बुडत नाही असा खारा समुद्र, गुणगुणणारे वाळूचे डोंगर, आणि शेवटी दगड झालेलं झाड. हे सगळं बघून बघूनच मास्तर सांगत. चित्र पडद्यावर आलं की ते क्षणभर गप्प बसत, जणू पहिल्यांदाच पाहताहेत, आणि मग बोलू लागत.

आता पडद्यावर त्यांना फक्त एक मळकट उजेड दिसणार होता. नाही म्हणावं, तर कारण सांगावं लागणार होतं.

“कुठली काच आहे हेच मला कळायचं नाही,” ते यशोदेला म्हणाले. “डोंगर आहे की समुद्र.”

“मोजायचं,” यशोदा म्हणाली. “चौकट वाजते ना?”

मोजायचं खरं, पण पाचवा खट् म्हणजे काय, सातवा म्हणजे काय, हे भर सभेत, बोलता बोलता, आठवायला हवं. यशोदेला वाचता येत नव्हतं. तिच्या आईने तिला जे काही दिलं होतं ते जात्यावर दिलं होतं, आणि ते ओळीने, आकड्याने दिलं होतं. जात्यावरची बाई कधी चुकत नाही. पहिली ओवी, दुसरी ओवी, तिसरी. हात फिरतो तसा आकडा फिरतो, पीठ पडतं तशी ओळ पडते. तिने एकेक काच खिडकीशी धरून पाहिली. तळहाताएवढं जग. मास्तरांना विचारलं, हे काय, ते कसं, तिथे माणसं राहतात का. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जात्याला हात घातला.

मास्तर खुंटीपाशी भिंतीला टेकून ऐकत होते.

दुसरी माझी ओवी, डोंगर पेटला पोटात,
राखेखाली गाव निजला, घास राहिला ओठात.

तिसरी माझी ओवी, नदी थिजली उतारी,
दिसाकाठी हात एक, चाले म्हातारी बिचारी.

चौथी माझी ओवी, भुईला येतो उमाळा,
आधण चढे आभाळा, कोण वैरील तांदळा?

मास्तर हसले. तीस वर्षं ते आइसलँड शिकवत होते, आणि आधण चढलंय पण तांदूळ वैरायला कुणी नाही, हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. सहाकोनी खांबांपाशी ती अडली. मास्तरांनी सांगितलं, हा आपलाच दगड गं, आपल्या विहिरीत लागतो तोच काळा पाषाण. रस निवताना असा तडकतो की कोन पडतात. ती थोडा वेळ नुसतं दळत राहिली.

पाचवी माझी ओवी, सहा कोनांची घडण,
सुतार ना पाथरवट, समिंदराचं अंगण.

असे पंधरा दिवस गेले. ज्वारी रोजची तेवढीच, पण यशोदा दोनदा दळायची, म्हणजे ओव्या दोनदा व्हायच्या. मास्तरांना त्या अशा बसल्या की ती नुसतं “सातवी” म्हणाली की ते खाऱ्या समुद्रावर बोलू लागत. ते सांगताना त्यांचा चेहरा पूर्वीसारखा व्हायचा. यशोदा दळता दळता त्या चेहऱ्याकडे बघायची. तिला वाटायचं, निभेल. शाळेचं नवं वर्ष लागेपर्यंत, जूनपर्यंत निभेल. मग पुढचं पुढे.

पण ओव्या दुसरीपासून का? तर पहिली देवाची. कुठल्याही जात्यावर पहिली ओवी आपली नसते. लेकाला, भावाला, माहेराला गायचं ते दुसरीपासून. यशोदेने पहिली तळ्यातल्या सिद्धरामाला दिली होती, आणि काचांना दुसरी ते नववी. तपासणीच्या आदल्या दिवशी पेटी पुसताना तिच्या मनात आलं, आकडा जुळायला हवा. तिने आठही काचा एकेक खण मागे सरकवल्या आणि पहिला खण रिकामा ठेवला. दुसऱ्या ओवीची काच दुसऱ्या खणात. तिसरीची तिसऱ्यात.

मास्तरांनी बोटाने चाचपून पाहिलं. पुढे रिकामा का, म्हणाले. तिने सांगितलं, पहिला देवाचा.

त्यांना ते फार आवडलं. ते म्हणाले, मग असं करू. पहिला खट् वाजेल तेव्हा पडद्यावर नुसता पांढरा उजेड असेल. मी पोरांना सांगेन, एके काळी असं काहीच नव्हतं, ना डोंगर ना नदी. तिथून सुरुवात. तिने ते ऐकून पेटीला हळदकुंकू लावलं.

शाळेत हा कंदील सिदू शिपाई चालवायचा. पंधरा वर्षं चालवत होता. पेटी त्याच्या हातात दिली की तो पहिली काच काढी, लावी, पुढची काढी, लावी. रिकामा खण आला तर कुठला शिपाई रिकामी चौकट सरकवेल? तो पुढची काच उचलेल. हे दोघांपैकी कुणाच्याच मनात आलं नाही. जात्यावर पहिली ओवी देवाची हे सिदूच्या आईलाही ठाऊक असेल, पण ही पेटी म्हणजे जातं आहे हे सिदूला कोण सांगणार? आणि सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं.

तपासणीच्या दिवशी दुपारी मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या. पुढे खुर्चीवर डेप्युटीसाहेब, शेजारी हेडमास्तर. पोरं खाली दाटीने. मागे बांबूच्या चिकाच्या पडद्याआड शाळेतल्या सगळ्या मास्तरांच्या घरच्या बायका, त्यांत यशोदा. हेडमास्तरांच्या शकुंतलाबाईंनी तिला शेजारी जागा दिली आणि कानात म्हणाल्या, आज तुमचा दिवस बाई.

मास्तर भिंतीच्या कडेने आले. पडद्याशेजारी उभे राहिले. हातात काठी. पाठ सरळ.

खट्.

धोतरावर डोंगर पेटला. लाल जाळ, काळा धूर. पोरांनी श्वास आत घेतला.

“हा कोरा उजेड बघा,” मास्तर म्हणाले. “एके काळी असं होतं. काही नाही. डोंगर नाही, नदी नाही.”

पडदा कोरा नव्हता. यशोदेला सगळं त्याच क्षणी कळलं. सिदूचा हात, तो ओलांडलेला खण, पुढे काय काय होणार ते सगळं. पोरांना मात्र वाटलं, मास्तरांनी कोडं घातलंय. डेप्युटीसाहेबांनी मान डोलावली. आगीतूनच पृथ्वी झाली, असं म्हणायचं असेल.

खट्. बर्फाची नदी आली, पांढरी, निळ्या भेगांची.

मास्तर क्षणभर गप्प राहिले, पूर्वीसारखे. मग बोलू लागले. कसा डोंगराच्या पोटात जाळ, कशी राख पडली, कसं गाव निजल्या जागी गाडलं गेलं. भट्टीत पाव तसेच राहिले, म्हणाले. घास ओठात राहिला. त्यांचा आवाज इतका चांगला कधी लागला नव्हता. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, बर्फ पेटलंय की, आणि दोनतीन पोरं खुसखुसली.

सिदू शहाणा माणूस. त्याच्या ध्यानात आलं की मास्तर मागच्या काचेचं बोलताहेत. आपलीच घाई झाली असेल, असं वाटून त्याने चौकट मागे ओढली. पुन्हा आगीचा डोंगर.

पण चौकट मागे येतानाही खट् वाजते.

तिसरी. मास्तर जाळातून निघून बर्फावर आले. नदी थिजली उतारी. दिवसाला हातभर चालते, म्हणाले. पाहा किती पांढरी, किती शांत, आणि काठीचं टोक त्यांनी धगधगत्या तोंडावर ठेवलं. आता मात्र पोरं उघड हसली. सिदू गांगरला. त्याने चौकट पुढे ढकलली, बर्फ आणलं. खट्. मास्तर आधणाकडे गेले. सिदू मागे आला की मास्तर पुढे जात, सिदू पुढे आला तरी मास्तर पुढेच. दोघं एकमेकांना शोधत होते, जत्रेत हात सुटल्यासारखे, आणि दर वेळी एकाची हाक दुसऱ्याला आणखी लांब नेत होती.

हसू आलं की मास्तर थांबत. मग जरा मोठ्याने सांगत. त्यांना वाटलं असेल, ओवीतला विनोद पोरांना कळला.

चिकाआड यशोदा उठून उभी राहिली. हाक मारावी, तर कुठल्या नावाने? तीस वर्षांत तिने ते नाव घेतलं नव्हतं. पुरुषांनी भरलेल्या खोलीत तिचा आवाज कधी फुटला नव्हता. तिला वाटलं, ओवी म्हणावी. इथूनच, मोठ्याने. ते ऐकतील, वाटेवर येतील. तिने तोंड उघडलं. पण आता कितवी? पडद्यावर कितवी होती, त्यांच्या तोंडात कितवी होती, किती खट् वाजले, तिचंही गणित गेलं होतं. जात्यावर कधी न चुकलेली बाई तिथे आकडा विसरून उभी राहिली. शकुंतलाबाईंनी तिचा पदर धरून तिला हळूच खाली बसवलं.

सिदूने चौकटीवरून हात काढून घेतला. खट् होईना. मास्तर वाट बघत उभे. हसणंही विरलं. मग मास्तरांनी मान कंदिलाच्या दिशेने वळवली, जरा जास्तच वळवली.

“सिदू, पडद्यावर काय आहे रे?”

सिदूने हेडमास्तरांकडे पाहिलं.

“सांग बाबा. मी विचारतोय.”

“नदी हाय की मास्तर,” सिदू म्हणाला. “थिजल्याली.”

“आणि मी काय सांगत होतो?”

“खोल दरीचं.”

मास्तरांनी काठी दोन्ही हातांत धरली. पोरांकडे तोंड केलं, म्हणजे पोरांचा आवाज होता तिकडे.

“मुलांनो, मला दिसत नाही,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. तुमचं हसणं बरोबर होतं.”

डेप्युटीसाहेब वाईट माणूस नव्हते. ते उठले, मास्तरांचा हात हातात घेतला, आणि म्हणाले की असं भूगोलाचं सांगणं आपण पुण्यातही ऐकलं नाही. मग हेडमास्तरांकडे वळून तेवढ्याच मायेने म्हणाले, यांना आता विश्रांती द्या, उद्यापासूनच. आणि पोरांचा हिरमोड नको, राहिलेली चित्रं दाखवून टाका.

सिदूने राहिलेल्या काचा दाखवल्या. खट्. फवारे. खट्. खांब. खट्. दरी. एक शब्द नाही. पोरं तोंडं उघडी टाकून बघत होती, पण ती नुसती चित्रं होती. नीळ्ळु, नीरु, पानी, कुणी विचारलं नाही. कुणी पाय वर घेतला नाही. मास्तर पडद्याशेजारीच उभे होते. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नव्हतं. दर खट्ला त्यांचे ओठ किंचित हलायचे आणि मिटायचे. यशोदेला ते ओठ चिकातून दिसत होते. आता त्यांचा आकडा बरोबर होता.

पाच वाजता गिरणीचा भोंगा झाला तेव्हा ती दोघं घरी निघाली. एरवी मास्तर पुढे आणि यशोदा चार पावलं मागे असायची. त्या दिवशी रस्त्यावर पाळी सुटलेल्या माणसांचा लोंढा आला आणि मास्तर मधेच उभे राहिले. त्यांनी हात बाजूला धरला, कुणीतरी घ्यावा म्हणून. लपवायचं काही उरलं नव्हतं. तिने तो घेतला. ओळखीची माणसं वाट देऊन जात होती.

बऱ्याच वेळाने तिने सांगितलं, चूक माझी. तो खण मी रिकामा ठेवला.

“सिदूला सांगायला हवं होतं,” मास्तर म्हणाले. मग थोडं चालून म्हणाले, “पण सिदूला सांगितलं असतं तर शाळेला कळलं असतं.”

सांगितलं असतं तर गेलं असतं, न सांगून गेलं.

कोपऱ्यावरच्या लिंबाखाली ते पुन्हा थांबले.

“शेवटची काच कशी दिसली गं? दगडाच्या झाडाची.” आवाज एकदम हलका, वर्गातला. “तू तर तळहाताएवढीच पाहिली होतीस. पडद्यावर ती फार मोठी होते. सालीवरच्या रेघासुद्धा दिसतात, तांबड्या, पिवळ्या. पंचवीस वर्षं पाहिली मी, पण नेहमी बोलत बोलत. आज बोलायचं नव्हतं, तर पाहता आलं असतं. सांग ना.”

यशोदेने आठवून पाहिलं. खट् वाजलेला आठवत होता. खोलीत तांबूस उजेड पडलेला आठवत होता, तो मास्तरांच्या गालावर, दाढीच्या पांढऱ्या खुंटांवर पडला होता. पडदा काही आठवेना. तिला खोटं सांगता आलं असतं. नववी ओवी तिचीच होती, शब्द तयार होते.

“मी पाहिली नाही,” ती म्हणाली. “मी सगळा वेळ इकडेच बघत होते.”

समोरून टांगा येत होता. घोड्याच्या टापा ऐकून मास्तरांनी तिला हाताने मागे घेतलं, ती रस्त्याच्या कडेलाच उभी होती तरी. टांगा निघून गेला, धूळ बसली, तरी ते तसेच उभे राहिले, अजून काही यायचं आहे असं समजून. आणि आता चला, असं न म्हणता ती त्यांचा हात धरून तशीच उभी राहिली.